दुकानात छान बसले, येऊरला नख काळं: धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर नव्याकोऱ्या शूजची गर्दी होते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन, आणि पोटात अजून दिवाळीचा फराळ. डिसेंबरच्या मध्यावर यातली बरीच मंडळी त्याच कट्ट्यावर बसून काहीतरी चोळताना दिसतात. कुणी गुडघा, कुणी नडगी, कुणी नुसतंच कपाळ. मग सल्ले सुरू होतात: हे तेल लाव, ती गोळी घे, आता वय झालं, सोड. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय! आठ-नऊ वर्षं या तलावाला फेऱ्या मारून माझं मत झालंय की धावणाऱ्याचं दुखतं एकीकडे आणि चूक झालेली असते भलतीकडेच. बहुतेक वेळा दुकानात, घड्याळात किंवा आदल्या रात्रीच्या ताटात.

नख काळं पडलंय

माझे पहिले रनिंग शूज मी सकाळी अकरा वाजता घेतले, तेही घरातले जाड सुती मोजे घालून. अंगठा पुढे टेकत होता. विक्रेता म्हणाला, "मॅडम, वापरून वापरून सैल होतील." कोल्हापुरी चप्पल होते सैल. ते कातडं आहे, तेल पाजलं की पायाचं ऐकतं. रनिंग शूजचं कापड आणि फोम तसं वागत नाहीत. दुकानात घट्ट तो कायमचा घट्ट.

दिवसभरात पाय सुजतात, धावताना आणखी सुजतात. म्हणून शूज संध्याकाळी घ्यावेत, धावायचे मोजे घालून. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सगळ्यात लांब बोट म्हणजे पायाचा अंगठाच असं नाही. अनेकांचं शेजारचं बोट पुढे असतं आणि काळं पडणारं नखही त्याचंच. ऑफिसच्या बुटांचा नंबर सात असेल तर इथे साडेसात किंवा आठ लागू शकतो. त्यात मानापमान काही नाही.

नंबर बरोबर असूनही नखं जात असतील तर ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा उतार आठवा. चढताना फुप्फुसं बोंबलतात म्हणून दोष चढाला मिळतो, पण उतरताना पाऊल शूजमध्ये पुढे सरकतं आणि प्रत्येक पावलाला नख आपटतं. शूजला घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, ते शोभेचं नाही. त्यातून नाडी ओवून एक फास तयार करायचा, समोरच्या बाजूची नाडी त्यातून काढून आवळायची, की टाच जागची हलत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. त्याच उतारामुळे दोन दिवसांनी मांड्या अशा धरतात की ठाणे स्टेशनचा पूल कठडा धरून आडवं उतरावं लागतं. ती दुखापत नव्हे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, त्याची ती वसुली. दोन-तीन दिवसांत जाते. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, चालतानाही दुखत असेल, तर मात्र कट्ट्यावर नाही, डॉक्टरकडे जा.

महाग शूज घेऊनही वेग वाढत नाही

केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्नात ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापले, तेव्हा त्याच्या पायात कार्बन प्लेटचे, म्हणजे तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेले शूज होते. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्येही ते येऊ लागले. अडचण एवढीच की शूजबरोबर किपचोगे येत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत चालते, आणि हे शूज बहुतेक त्या मर्यादेच्या आसपासच असतात. एवढ्या उंच, मऊ तळव्यावरून पेव्हर ब्लॉकवर वळताना घोटा लटपटतो. किलोमीटरला साडेसात मिनिटं लागणाऱ्या माझ्यासारखीला मी तरी ते सुचवणार नाही. त्या पैशांत साध्या शूजच्या दोन जोड्या येतात आणि पावसाळ्यात दुसरी जोडी सोन्यासारखी वाटते.

शूजचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. आठवड्याला ३० किलोमीटर धावलात तर चार ते सहा महिने. खालचं रबर ठणठणीत दिसतं, मधला फोम मात्र बसलेला असतो. एका जोडीने वर्ष काढून मग नडगी दुखते म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा. आणि हो, तेच शूज घालून भाजी आणायला जाता ते किलोमीटरही त्याच खात्यावर पडतात.

दोन किलोमीटरमध्येच धाप लागते

कारण तुम्ही शर्यत लावली आहे, बहुतेक वेळा पुढच्या टी-शर्टशी. सरावातलं बरंचसं धावणं गप्पा मारता येतील इतक्या वेगात व्हायला हवं. सोसायटीच्या सभेत काय झालं ते अख्खं वाक्य न तुटता सांगता येतंय? मग वेग बरोबर. "लिफ्टचं… बिल… कुणी…" अशी गाडी अडकत असेल तर हळू करा, चाला. चालणं म्हणजे हार नव्हे, हे मला कळायला दोन वर्षं लागली, कारण समोरून ओळखीचं कुणी आलं की मी पळायला लागायचे.

ठाण्याच्या हवेचाही हिशेब धरा. दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही. अंग थंड होतं ते घाम सुकल्याने, नुसता टपकल्याने नाही. मग तोच वेग ठेवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. ऑगस्टमधली वेळ डिसेंबरमधल्या वेळेशी ताडून रडण्यात अर्थ नाही.

घड्याळ खोटं बोलतंय

उपवनची एक फेरी किती मीटरची, यावर आमच्या ग्रुपमध्ये दहा घड्याळं आणि अकरा मतं आहेत. अकरावं एका काकांचं. ते घड्याळ लावत नाहीत आणि बहुधा तेच बरोबर असतात. एकदा माझ्या नकाशावर मी चक्क तलावाच्या पाण्यावरून धावले होते. घोडबंदर रोडला टॉवरच्या रांगेतून किंवा मेट्रोच्या पुलाखालून गेलात की हे ठरलेलं. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळ तुम्हाला पलीकडच्या सोसायटीत नेऊन सोडतं. निघण्याआधी मोकळ्यावर मिनिटभर उभं राहून सिग्नल पक्का होऊ द्या. क्षणाक्षणाचा वेग बघू नका, किलोमीटरचा सरासरी वेग बघा.

दुसरी तक्रार शर्यतीनंतरची: "हाफ मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची आणि माझ्या घड्याळात २१.४! आयोजकांनी जास्त पळवलं." नाही हो. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून मोजतात, तेही वळणाच्या आतल्या कडेने, सगळ्यात आखूड रेषेत. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्त धरतात, म्हणजे हाफला सुमारे २१ मीटर. बाकीचे मीटर तुमचे. बाहेरून वळलात, फोटोग्राफर दिसला म्हणून पलीकडे गेलात, पाण्याच्या टेबलाला वळसा घातलात.

नाडीचे आकडे तर आणखी मजेशीर. पट्टा सैल असला की मनगटावरचा सेन्सर ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतो. पावलं मिनिटाला १७० आणि नाडीही बरोब्बर १७० दिसली, तर घाबरून घरी फोन करण्याआधी घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट बांधा. २२० वजा वय हे सूत्रही सरासरीचं आहे. तुमचा खरा आकडा त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळा असू शकतो.

पोट ऐन वेळी दगा देतं

हा विषय कट्ट्यावर दबक्या आवाजात निघतो, पण निघतो रोज. लाँग रनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या धावेच्या आदल्या रात्री उसळ, कोशिंबीर, वर कलिंगड असा पौष्टिक बेत केला की सकाळी आठव्या किलोमीटरला ओळखीचं हॉटेल शोधावं लागतं. आदल्या रात्री वरण-भात किंवा मऊ खिचडी, लवकर. सकाळी घोटभर चहा आणि निघण्याआधी पोट साफ व्हायला अर्धा तास राखून ठेवलेला. मामलेदारची मिसळ धावून झाल्यावर. तेव्हाही हिशेब हाच: किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी. म्हणजे ७० किलोच्या माणसाने पाच किलोमीटर धावून ३५० कमावल्या, जवळपास एका वडापावाएवढ्या. दुसऱ्या वडापावाला उधारी.

जेलची पुडी (धावताना ताकदीसाठी चोखायचा घट्ट गोड पाक) घेतली तर वर साधं पाणी प्या. गोड एनर्जी ड्रिंकबरोबर घेतली की पोटात साखरेचा पाक होतो आणि मळमळतं. तासाच्या आतल्या धावेला जेल लागतच नाही. त्यापुढे केळं, खजूर, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत यांनीही काम भागतं, फक्त शर्यतीआधी दोन-तीनदा करून बघा.

पाणी कमी पिण्याची चूक सगळे जाणतात, जास्त पिण्याची कुणाच्या ध्यानात नसते. धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. किलोभर घटलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. रक्तातलं सोडियम पातळ झालं की डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि भोवतालचे त्याला आणखी पाणी पाजतात. ते करू नका, वैद्यकीय तंबू गाठा.

सोलवटलंय

आंघोळीचं पहिलं तांब्याभर पाणी अंगावर घेऊन किंकाळी फोडली असेल तर कुठे घासलंय ते कळलंच. मांड्या, काखा, ब्राचा खालचा पट्टा आणि पुरुषांची छाती. लांब पल्ल्यानंतर टी-शर्टवर दोन लाल ठिपके घेऊन फिरणारे काका बघितले असतील, ते रक्तच असतं. सुती टी-शर्ट घाम पिऊन पॉलिश पेपरसारखा घासतो. निघण्याआधी व्हॅसलीन किंवा छातीवर चिकटपट्टी, झाल्यावर कैलास जीवन. स्पोर्ट्‌स ब्रा दुकानात जागेवर उड्या मारून बघूनच घ्या. खालच्या पट्ट्यात दोन बोटं जेमतेम जावीत. लाज वाटते, मान्य, पण ती दोन मिनिटांची.

पावसात भिजलेले शूज

ड्रायरमध्ये, गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, गोंद सुटतो. आतला सोल बाहेर काढा, नाड्या सैल करा आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दोन तासांनी बोळे बदला, कारण भिजलेला कागद पाणी धरून बसतो आणि सकाळी शूजला जो वास येतो त्याला घरातले नावं ठेवतात. पंख्याखाली आडवे ठेवून झोपा. पहाटे आत हात घालून बघा. दमट लागले तर दुसरी जोडी घाला, ती नसेल तर चहा टाका.