अमेरिकेत शेतीसाठी सरकारी मदत घेताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काम आधी आणि करार नंतर. एनआरसीएस, म्हणजे कृषी खात्याची जमीन-पाणी जपणारी शाखा, तिच्या ‘इक्विप’ या अनुदान योजनेतून कुंपण, गुरांसाठी पाण्याची सोय, ठिबक, हाय टनेल (प्लास्टिकने झाकलेलं बोगद्यासारखं हरितगृह) अशा कामांना पैसे मिळतात. पण करार मंजूर होण्याआधी कुंपणाचे खांब रोवलेत, तर त्या कुंपणाचे पैसे विसरा. अर्ज दिला म्हणजे मंजुरी आली, असं धरून चालू नका. अर्ज वर्षभर घेतात, मात्र छाननीची तारीख प्रत्येक राज्य ठरवतं. ती हुकली की तुम्ही पुढच्या फेरीत. वसंतात टनेल उभा हवा असेल तर आदल्या उन्हाळ्यातच ऑफिस गाठलेलं बरं. टनेलसाठी कंपनीचं तयार किटच लागतं. पाइप आणून घरी वाकवलेला सांगाडा कितीही भक्कम असला तरी तपासणीत बसत नाही.

त्याआधी एफएसएकडून (कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी) फार्म नंबर, म्हणजे तुमच्या शेताचा सरकारी नोंदणी क्रमांक, काढा. खरेदीखत किंवा भाडेकरार, ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबर सोबत न्या. इथे अडतं ते नावावर: जमीन एलएलसीच्या (तुमच्या छोट्या कंपनीच्या) नावावर आणि अर्ज नवऱ्याच्या किंवा बायकोच्या. जमीन एलएलसीची असेल तर अर्जही तिचाच करा आणि सही कोणी करायची याचा कागद जोडा. जमीन भाड्याची असेल तर ती इक्विप कराराची मुदत संपेपर्यंत तुमच्या ताब्यात राहील, हे दाखवावं लागतं.

फॉर्म एडी-१०२६ घाईत सही करून देऊ नका. धूप होणारी जमीन आणि पाणथळ जागा राखण्याची हमी त्यात असते, आणि तुमचा हिस्सा असलेली प्रत्येक जमीन त्यात धरली जाते. सखल कोपऱ्यात पाणी साचतं म्हणून चर खणून ते काढून दिलं आणि ती जागा नोंदीत पाणथळ निघाली, तर त्या कोपऱ्यापायी सगळ्या शेताचे लाभ थांबू शकतात. जेसीबी बोलावण्याआधी जागा पाणथळ आहे की नाही, हे एनआरसीएसकडून ठरवून घ्या.

शेतीला दहा वर्षं झाली नसतील तर ‘नवा शेतकरी’ म्हणून नोंद करा. इक्विपमध्ये मदतीचा दर वाढीव मिळतो आणि किमान निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. ती ९० दिवसांत खर्चावी लागते. ही नोंद बरेच जण करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

सीआरपी या योजनेत सरकार भाडं देतं आणि जमीन १० ते १५ वर्षं पीक न घेता गवत किंवा झाडांखाली ठेवायची असते. गवत वाढलं म्हणून पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात कापायला जाऊ नका. तारखा राज्यागणिक वेगळ्या आहेत. मध्येच करार मोडला तर मिळालेलं भाडं व्याजासह परत द्यावं लागतं, वर दंड.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना दहा एकरांहून जास्त शेतजमीन घेतली असेल, तर ९० दिवसांत एफएसए-१५३ हा फॉर्म भरा. नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसलेला माणूस इथे परदेशी जमीनधारक ठरतो, आणि न कळवल्याचा दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.