वर्गात ढब्बू चालवायचे कसे (आणि मी कुठे आपटले)

मी चौथीला शिकवते, पटावर 28 मुलं. छडी केव्हाच गेली, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षाही बंद आणि मानसिक छळही बंद, ते योग्यच आहे, पण म्हणून रोज घसा बसेपर्यंत ओरडायचं का? तर वर्गात खेळातलं चलन सुरू केलं, मुलं वर्गातली कामं करून ते कमावतात आणि वर्गातल्याच बाजारात खर्च करतात. यंदा तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी सपशेल आपटले, म्हणून ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

चलनाचं नाव मुलांनाच ठेवू द्या. आमच्याकडे एकीच्या आजोबांनी तिला जुन्या जाडजूड तांब्याच्या ढब्बू पैशाबद्दल सांगितलं होतं, तिने वर्गात सांगितलं आणि झालं, ढब्बू फायनल (आधी सगळ्यांना मिरचीच आठवली, दहा मिनिटं नुसता खिदळाट).

नोटा छापू नका. मी रंगीत कागदावर मस्त नोटा काढल्या होत्या, पंधरा दिवसांत एकजण बाजारातून झेरॉक्स मारून घेऊन आला, आणि मग एका मुलीच्या कंपासमधून नोटा गेल्या, ती रडतेय, ज्याच्यावर आळ आला तोही रडतोय, आणि माझ्या गणिताच्या तासाची पोलीस चौकी झाली. आता फक्त पासबुक. जुन्या वह्यांची कोरी पानं अर्धी कापायची, स्टेपल करायची, रकाने पाच: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. दोन मुलं बँकर, नोंद ते करतात, सही माझी. वजाबाकीत हातचा चुकला की समोरचा गिऱ्हाईक लगेच भांडतो, मला तपासायलाच लागत नाही.

कमाई कामाची. फळा पुसणं, चपला रांगेत लावणं, वाचनकोपरा, कुंड्यांना पाणी, हजेरीचा फलक, खिचडीआधी हात धुवायची रांग, काल न आलेल्याला अभ्यास सांगणं, अशी प्रत्येकाला काही ना काही. एका कामावर दोघं-तिघं चालतात. आठवड्याचा पगार 20 ढब्बू, काम अर्धवट तर 10. कामासाठी दोन ओळींचा अर्ज करायचा, दर महिन्याला बदली. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, झाडू मुलींच्याच हातात किंवा ठरावीक वस्तीतल्या मुलांच्याच हातात जात नाहीये ना. अर्ज मुलं करतात, पण घरून काय शिकून येतात ते अर्जात उतरतं.

मग बाकाचं भाडं, आठवड्याला 10. म्हणजे हातात उरले 10.

आता मुख्य, दंड. सगळे पहिल्यांदा हेच करतात, मीही केलं: तासाला बोललं की 5 ढब्बू कट. दोन आठवडे वर्ग चिडीचूप, मी खूश. तिसऱ्या आठवड्यात एक पठ्ठ्या उभा राहिला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, बाई, माझे पाच आधीच घेऊन ठेवा, मला ह्याच्याशी थोडं बोलायचंय. काय बोलणार! मीच बोलण्याचा रेट लावला होता, त्याने तो भरला. नंतर वाचलं की इस्रायलमध्ये हैफाच्या पाळणाघरांत हेच झालं होतं, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही तो खाली आला नाही. 2000 साली त्यावर शोधनिबंध आला. म्हणून आता दंड शून्य. कोणी बोलत असेल तर मी शिकवता शिकवता त्याच्या बाकाशी जाऊन उभी राहते, नाहीच थांबला तर मधल्या सुट्टीत पाच मिनिटं त्याच्याशी बोलते, पासबुकाला हात नाही. फक्त अधूनमधून, आधी न सांगता, घंटेनंतर दोन मिनिटांत वह्या काढून तयार असलेल्या बाकांना 2 ढब्बू बोनस.

आणि जे मुलं आवडीने करतात त्याला ढब्बू देऊ नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा प्रयोग आहे, चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात त्यांचं चित्र काढणंच कमी झालं. आमच्या वाचनकोपऱ्यातली पुस्तकं त्यामुळे ढब्बूच्या बाहेर.

बाजार एक शनिवार सोडून. खोडरबर, शार्पनर, स्टिकर, पण खरा खप असतो तो मित्राशेजारी बसण्याचा, परिपाठात कोडं विचारण्याचा, आणि बाईंच्या खुर्चीवर एक तास बसण्याचा. लिलाव करू नका, माझ्या लिलावात 15 चा खोडरबर 70 ला गेला आणि गरीब खातेदार नुसते बघत बसले. भाव पक्के ठेवा आणि हिशोब साधा ठेवा: 28 मुलांचे आठवड्याला 10 म्हणजे 280, दोन आठवड्यांचे 560, तर मांडलेला माल साधारण तेवढ्याचाच. माल कमी पडला की आधी भांडणं, आणि माल फार झाला की कोणी कामालाच हात लावत नाही. खिचडी, पाणी, लघवीला जाणं आणि खेळाचा तास हे कधीच विकायला ठेवायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

शेवटचं, गैरहजेरी. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास काही घरं ऊसतोडीला जातात, मुलंही जातात. पहिल्या वर्षी पगार बंद आणि भाडं चालू, त्यामुळे परत आलेल्या पोरांची खाती उणे, ही चूक सर्वस्वी माझी. आता जायच्या दिवशी खातं गोठवायचं, भाडं नाही, पासबुक माझ्या कपाटात. मागच्या वर्षी एकजण मार्चमध्ये आला, मी पासबुक हातात दिलं, 40 शिल्लक होते, त्याने ते घेऊन आधी बँकरला गाठलं आणि सगळी बेरीज वरपासून परत करायला लावली.