साथीच्या दिवसांत थॅलेसेमियाच्या लेकराचं रक्त चुकू देऊ नका

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, रक्तदान शिबिरं थांबली आणि दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागणाऱ्या थॅलेसेमिया मेजरच्या (अंगात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार) मुलांचे आईबाप हवालदिल झाले. म्हणून साथ नसतानाच रक्तदात्यांची यादी करून ठेवा. एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. म्हणजे दोन-तीन ओळखीचे पुरत नाहीत, आठ-दहा तरी हवेत. प्रत्येक नावापुढे शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहा, कागद फ्रिजच्या दारावर लावा. संसर्गाच्या भीतीने रक्त चढवायची तारीख मनानेच पुढे ढकलू नका. आधी फोन करून कमी गर्दीची वेळ मागून घ्या.

तापाचं मात्र नीट लक्षात ठेवा. वारंवार रक्त चढवल्याने अंगात साठलेलं जादा लोह काढायला डेफेरिप्रोन हे औषध चालू असेल आणि ताप आला, तर ‘साथीचाच असेल’ म्हणून घरी बसू नका. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात. गोळी लगेच थांबवा, डॉक्टरांना कळवा आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बघून घ्या. प्लीहा (स्प्लीन) काढलेली असेल तर ते दवाखान्याच्या दारातच सांगा; अशा मुलांमध्ये जंतुसंसर्ग फार झपाट्याने वाढतो.