कूर्चेवरून वृद्धी संप्रेरक मोजताना

वृद्धी संप्रेरकावर (ग्रोथ हार्मोन) काम करू इच्छिणाऱ्या नव्या विद्यार्थ्याने आरंभीच एक फरक पक्का करून घ्यावा. प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी नमुन्यात संप्रेरकाचा रेणू किती आहे ते सांगते. तो रेणू काम करतो की नाही, हे मात्र जिवंत ऊतीलाच विचारावे लागते. कूर्चेवरील (हाडांच्या टोकांशी असणाऱ्या मऊ, लवचिक ऊतीवरील) दोन जुन्या पद्धती त्यासाठीच आहेत आणि माझ्या अनुभवात त्या दोन्हींना एकच समजण्यातून सर्वाधिक गोंधळ होतो.

पहिली पद्धत नडगीच्या हाडाची. ग्रीनस्पॅन, ली, सिम्पसन आणि इव्हान्स यांनी ती 1949 मध्ये मांडली. साधारण चार आठवडे वयाच्या उंदीर-माद्यांची पियुषिका ग्रंथी, म्हणजे वृद्धी संप्रेरक जिथे तयार होते ती मेंदूखालची ग्रंथी, शस्त्रक्रियेने काढतात, सुमारे दोन आठवडे थांबतात आणि मग चार दिवस रोज पोटात नमुना टोचतात. नंतर नडगीचे वरचे टोक मधोमध उभे चिरून, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून प्रखर उजेडात धरले की कॅल्शियम साचलेला भाग तपकिरी-काळा होत जातो आणि वाढीच्या कूर्चेचा पट्टा तेवढा पांढरा उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली या पट्ट्याची रुंदी मोजायची, एवढेच काम. पण पाते जरा तिरके गेले तरी पट्टा आहे त्याहून रुंद दिसतो, आणि ही चूक नंतर कोणत्याही गणिताने निघत नाही. म्हणून प्रयोगाबाहेरच्या हाडांवर हात बसेपर्यंत चिरण्याचा सराव करावा. एकाच पट्ट्यावर अनेक ठिकाणी रीडिंग घेऊन सरासरी काढावी आणि कोणते हाड कोणत्या गटातले, हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर ज्या उंदराचे वजन वाढतच राहते त्याच्यात ग्रंथीचा तुकडा राहिला असण्याची शक्यता असते. असा प्राणी टोचणी सुरू होण्यापूर्वीच वगळावा, निकाल पाहून नव्हे. शिवाय थायरॉक्सिन या थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकानेही हा पट्टा काहीसा रुंदावतो, त्यामुळे अशुद्ध अर्काच्या आकड्यावर लगेच विसंबू नये.

दुसरी पद्धत सल्फेटची. कूर्चा कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा सल्फेटयुक्त पदार्थ बनवते, म्हणून बरगडीच्या कूर्चेचे तुकडे गंधक-35 (किरणोत्सारी गंधक) असलेल्या सल्फेटच्या द्रावणात ठेवून त्यांनी किती किरणोत्सार शोषला ते मोजतात. सामन आणि डॉघडे यांना 1957 मध्ये असे आढळले की शुद्ध संप्रेरक थेट द्रावणात घातल्यास तुकडे फारसे बधत नाहीत, पण निरोगी उंदराचा रक्तद्रव घातला की शोषण वाढते. संप्रेरकाच्या प्रभावाने रक्तात येणाऱ्या या मध्यस्थ घटकाला पुढे सोमॅटोमेडिन म्हटले गेले आणि आज आपण त्याला इन्सुलिनसदृश वृद्धी घटक-1 म्हणतो. थोडक्यात, ही चाचणी त्या मध्यस्थाची आहे. रुग्णाच्या रक्तद्रवावरून आलेला आकडा वृद्धी संप्रेरकाचा म्हणून लिहिणे चुकीचे ठरते. (वृद्धी संप्रेरकाचा कूर्चेवर थेट परिणामही होतो, हे इसाकसन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये उंदराच्या एकाच पायाच्या वाढपट्टीत ते टोचून दाखवले.) रक्तद्रवात मुळातच सल्फेट असते आणि ते किरणोत्सारी सल्फेटला विरळ करते, ही बाब नवखे हमखास विसरतात.

दोन्ही पद्धतींत निदान दोन मात्रा नमुन्याच्या आणि दोन प्रमाणित संप्रेरकाच्या घ्याव्यात. मात्रेचा लॉगॅरिथम आणि प्रतिसाद यांच्या रेषा समांतर आल्या नाहीत, तर सापेक्ष क्षमतेचा (प्रमाणिताच्या तुलनेत नमुना किती प्रभावी, याचा) आकडा काढूच नये.

मानवी संप्रेरकासाठी आता उंदराच्या लिम्फोमापासून (लसिका पेशींच्या कर्करोगापासून) मिळवलेल्या एनबी-2 पेशी वापरता येतात. मात्र त्या प्रोलॅक्टिनसारख्या (दूधनिर्मितीच्या संप्रेरकासारख्या) क्रियेला प्रतिसाद देतात. गाईच्या वृद्धी संप्रेरकात ती क्रिया नसल्याने तेथे त्या उपयोगी पडत नाहीत. भारतात संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करताना प्राण्यांशिवायची पर्यायी पद्धत का चालणार नाही, हे लिहावे लागते. तेथे संप्रेरक कोणत्या प्राण्याचे आहे आणि पेशींची चाचणी त्याला लागू पडते का, हे स्पष्ट नोंदवावे.