जुन्या सिंगल्स बाहेर काढताय? या चुका टाळा

सात इंची सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, माळ्यावरच्या खोक्यात पन्नास-साठ वर्षं सहज काढते. तिचं वाटोळं होतं ते बाहेर निघाल्याच्या पहिल्या संध्याकाळी. हे मी इतक्यांदा पाहिलंय, की कुणी "काकांच्या जुन्या रेकॉर्डी सापडल्या" असं सांगितलं की "कुठल्या?" हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "लावून बघितल्यास का?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. "हो, लगेच!"

माझ्याकडचा संग्रह मूळ मामांचा. १९६७ साली ते नोकरीसाठी डेट्रॉइटला गेले. मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी तेव्हा त्याच शहरात होती, १९७२ मध्ये ती लॉस एंजेलिसला गेली. मामांनी त्या वर्षांत जे ऐकलं ते विकत घेतलं: मोटाऊन, अटलांटिक, मेम्फिसची स्टॅक्स आणि व्होल्ट या कंपन्यांच्या सिंगल्स, शिवाय बरंच पॉप. दोनेकशे सिंगल्स, एक टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं मशीन) आणि वेग तपासायची एक पुठ्ठ्याची चकती असं सगळं २००६ मध्ये पुण्यात माझ्या घरी आलं. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं मी याच खोक्यावर शिकलो. काही शिक्षण महाग पडलं.

अमेरिकन मशीन इथल्या प्लगला जोडणं

परदेशातून टर्नटेबल आणणारी माणसं एक गोष्ट नक्की करतात. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतात आणि निर्धास्त होतात. मीही घेतला होता. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची, आणि तो आकडा ट्रान्सफॉर्मरला बदलता येत नाही. जुन्या टर्नटेबलांच्या एसी मोटर त्याच आकड्याच्या तालावर फिरतात. म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांचा सिंगलचा वेग इथे होतो ३७.५. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं छत्तीस सेकंद चालतं आणि पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीनेक पट्ट्यांनी खाली उतरतं.

हे मला कळायला चार महिने लागले. कारण ती पुठ्ठ्याची चकती. तिच्यावर ठिपके असतात, ती मशीनच्या फिरत्या ताटावर ठेवून ट्यूबलाइटखाली बघायची, ठिपके स्थिर दिसले की वेग बरोबर. मी बघितलं, ठिपके दगडासारखे स्थिर. मग शंका घ्यायला जागाच कुठे होती? पण चकतीही अमेरिकन होती. ६० हर्ट्झच्या उजेडासाठी ४५ च्या कड्यात १६० ठिपके छापलेले असतात. आपल्या ट्यूबलाइटची लुकलुक सेकंदाला शंभर वेळा. त्या उजेडात १६० ठिपके नेमके कधी स्थिर दिसतात? बरोबर ३७.५ वेगाला. मशीन चुकीचं आणि मोजपट्टीही त्याच प्रमाणात चुकीची, त्यामुळे दोघांची साक्ष जुळत होती.

त्या चार महिन्यांत मला सगळी सोल गाणी (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं तेव्हाचं लोकप्रिय संगीत) सुस्त वाटायची, बायकांचे आवाज पुरुषी वाटायचे. दोष मी रेकॉर्डींना दिला. सुई बदलली, रबरी चाक बदललं, तेल घातलं. आणि "या झिजल्यात" म्हणून चार सिंगल्स जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याला देऊन टाकल्या. त्या चार अजूनही आठवतात.

उलगडा ताईने केला. ती गाणं शिकवते. सोल गायक ओटिस रेडिंगची 'सिटिंग ऑन द डॉक ऑफ द बे' लागली होती, तिने सहज पेटी ओढली आणि पट्टी शोधायला लागली. पांढरी तीन लावली, थोडी वर झाली. त्याच्या खालची पट्टी लावली, फारच खाली गेली. ती म्हणाली, "अरे, हा माणूस दोन पट्ट्यांच्या मधे गातोय. मागे पियानो वाजतोय, तो कसा मधे असेल? तुझं मशीन हळू आहे." मूळ गाणं पांढरी पाचमध्ये आहे.

तेव्हा नियम असा: मशीनच्या खाली चिकटवलेली माहितीची पट्टी वाचा. तिथे ६० लिहिलं असेल तर थांबा. गॅरार्ड, ड्युअल यांसारख्या कंपन्यांच्या जुन्या मशीनना मोटरवरची पुली बदलून मिळायची, ५० ची पुली थोडी जाड असते. मला ती मिळाली नाही. मी लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली, व्यास जुन्याच्या सव्वापटीला किंचित कमी, म्हणजे नेमका १.२ पट. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. ज्या मशीनमध्ये डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ नियंत्रण असतं त्यांना हा त्रास नाही. चकती मात्र ५० हर्ट्झची घ्या, आणि ती बघायला एलईडी दिवा नको. बहुतेक एलईडी पुरेशी लुकलुकत नाहीत, चोकवाली जुनी ट्यूब किंवा साधा बल्ब लागतो. वेग मोजायची मोबाइल अ‍ॅपही आहेत. माझा भरवसा पेटीवर जास्त.

"आधी वाजवून बघू, मग धुऊ"

माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक हीच. खाचेत बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच. सुईच्या टोकाखाली ती भिंतींवर घासली जाते, आणि जे खरखरणं आधी नुसती घाण होतं ते कायमचं कोरलं जातं. तुम्ही फक्त "चालते का" बघत होतात, तेवढ्यात ती चालायची कमी झाली.

माझी पद्धत साधी आहे, शास्त्रीय असल्याचा दावा नाही. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढतो. मग लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि मायक्रोफायबरचं फडकं खाचांच्या दिशेनेच फिरवतो, आडवं कधीच नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून खाचेतच राहतात. लेबलवर डब्याचं झाकण धरतो. वाळवायला ताटं उभी ठेवायचं स्टँड, रात्रभर. रात्रभर म्हणजे रात्रभर. पंख्याखाली अर्ध्या तासात वाळवून लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, पण माझ्या रेकॉर्डी त्यांच्या हातात देत नाही.

धुतल्यावर जुन्या कागदी कव्हरात परत घालू नका. कोकणात आणि मुंबईत तर नाहीच, पावसाळ्यातली बुरशी त्या कागदातच मुरलेली असते. पण कव्हर फेकूही नका. त्याबद्दल शेवटी सांगतो.

स्पिरिट

ही माझ्या मित्राची गोष्ट. वडिलांच्या कपाटात त्याला बीटल्सची रेकॉर्ड सापडली, पार्लोफोन कंपनीची, कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनलेली. "व्हायनल (रेकॉर्डींचं नेहमीचं प्लॅस्टिक) स्पिरिटने साफ होतं" असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने कापूस भिजवून गोल फिरवला आणि कापूस काळा झाला. त्याला वाटलं घाण निघतेय. ती रेकॉर्ड निघत होती.

कारण ते व्हायनल नव्हतंच. इंग्लंडमध्ये ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या) रेकॉर्डी १९६० च्या सुमाराला बंद झाल्या, पण आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघर होते, म्हणून बीटल्सची गाणीही इथे ७८ वर निघाली, लाखेच्या तबकड्यांवर. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराला विचारा, पॉलिश तो त्यातच करतो. जगभरचे संग्राहक या भारतीय ७८ च्या शोधात असतात, आणि मित्राच्या हातात होती ती आता मधोमध गुळगुळीत आहे.

दहा इंची, जड, लेबलवर ७८: स्पिरिट लांब ठेवा. कशाची आहे हे ठरवता येत नसेल तर कशालाच लावू नका.

सगळ्या सिंगल्स व्हायनलच्या असतात हा समज

साठच्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन सिंगल्स स्टायरिन या दुसऱ्या, ठिसूळ प्लॅस्टिकच्या आहेत. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातून आलेल्या सिंगल्स ओळखायच्या तर लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात बघा, छोटा त्रिकोण आणि त्याच्यापुढे आकडा कोरलेला दिसेल. व्हायनल थोडं वाकतं. स्टायरिन ताठ असतं, हलकं असतं आणि नखाने टिचकी मारली तर प्लॅस्टिकच्या डबीसारखा टकटक आवाज येतो.

स्टायरिन नवी असताना सुंदर वाजते. पण झिजलेल्या सुईखाली ती व्हायनलपेक्षा खूप लवकर मरते, आणि मेली की प्रत्येक 'स' मागे फसफस ऐकू येते. ती धुऊन जात नाही. तिचं लेबलही बहुधा नुसतं चिकटवलेलं असतं, पाण्यात बुडवली की तरंगत वर येतं. आणि डीजेगिरीच्या हौसेने सुई खाचेत ठेवून रेकॉर्ड मागे-पुढे फिरवणाऱ्यांनी स्टायरिनला हातच लावू नये. गाण्याची पहिली दोन सेकंदं कायमची भाजून निघतात.

यावर माझा एकच आग्रह: आधी सुई. जुन्या मशीनसोबत आलेली सुई किती वाजलीय हे कुणालाच ठाऊक नसतं, तिच्यावर विश्वास ठेवू नका. नवी सुई ही पहिली खरेदी. स्पीकर नंतर, शेल्फ त्याच्याही नंतर.

टोनआर्मवर नाणं

सुई उडते म्हणून टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, टोकावर नाणं ठेवतात. १९९० च्या दशकातला स्टीलचा रुपया जवळपास पाच ग्रॅमचा. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) दोन ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं. तुम्ही ते साडेतीन पट केलंत. सुई उडण्याचं कारण घाण, वाकडी रेकॉर्ड किंवा अडकलेला आर्म असतं. ते शोधा. नाणं ठेवलेलं दिसलं की मी त्या घरात गप्प बसू शकत नाही.

बाकी, थोडक्यात

अमेरिकन सिंगलचं भोक मोठं असतं, ३८ मिलिमीटर. भोकात बसायचा अ‍ॅडॉप्टर न लावता अंदाजाने मधे ठेवू नका, सूर डुलतो.

वाकलेली रेकॉर्ड काचेखाली उन्हात ठेवून सरळ करायला जाऊ नका. लाटांबरोबर आवाजही जातो.

खाचांना बोट लावू नका. कडेला आणि लेबलला धरा.

विकायची घाई असलेल्यांसाठी: लेबल खोटं छापता येतं. नॉर्दर्न सोलचे (उत्तर इंग्लंडच्या क्लबांत जुनी अमेरिकन सोल गाणी लावणारे) इंग्लिश डीजे तर दुसऱ्यांना गाणं कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून खोटी नावं लिहायचे. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यातले कोरलेले आकडे वाचायला शिका, किंमत नंतर विचारा.

आणि छापलेल्या वेळेवरही विसंबू नका. राइचस ब्रदर्सच्या 'यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग'च्या लेबलवर ३:०५ आहे, गाणं पावणेचार मिनिटांचं. रेडिओवाले लांब गाणं लावणार नाहीत म्हणून निर्माता फिल स्पेक्टरने मुद्दाम कमी छापलं होतं.

स्टिरिओत ऐकणं

१९६८ च्या आधीच्या बहुतेक सिंगल्स मोनो आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज. मोनो खाच सुईला फक्त आडवी हलवते. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र उभी हालचालही ऐकते, आणि उभ्या हालचालीत गाणं नसतं, असतो तो नुसता खरखराट. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. नसेल तर डावी-उजवी वायर एकत्र करणारं वाय कनेक्शन शंभर-दोनशे रुपयांत होतं. तसं केल्यावर अर्धा खरखराट नाहीसा होतो आणि गाणारा माणूस समोर येऊन उभा राहतो. कित्येकदा एलपीवरचं (अनेक गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डवरचं) गाणं आणि सिंगलवरचं गाणं सारखं नसतंच. सिंगलच्या आवाजाचं मिश्रण रेडिओसाठी, गाडीतल्या छोट्या स्पीकरसाठी वेगळं केलेलं असायचं. मोटाऊनच्या सिंगल्स मोनोतच ऐकाव्यात, यावर मी मागे हटणार नाही.

एकच बाजू ऐकणं

फोनवर नाव शोधायचं, प्रसिद्ध बाजू लावायची, रेकॉर्ड खोक्यात परत. हे बघून मला खरंच वाईट वाटतं. बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन' १९७१ साली मागच्या बाजूला होतं. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' १९७८ मध्ये मागच्या बाजूलाच होतं. रेडिओवरच्या लोकांनी रेकॉर्ड उलटी केली, म्हणून आपल्याला ही गाणी माहीत आहेत. जेम्स ब्राउनच्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'चा दुसरा भाग तर मागेच आहे, एका बाजूवर थांबलात तर गाणं अर्धं सोडलंत.

आता जुन्या कव्हरांचं. मामांच्या कव्हरांवर कोपऱ्यात पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या. मी ती कव्हरं नव्या कव्हरांच्या मागे जपून ठेवली होती, खुणांचा अर्थ मात्र कधी विचारला नव्हता. पुली बसवल्यावर ओटिस रेडिंगची तीच सिंगल परत लावली, आणि खूण पुढच्या बाजूची नाही हे तेव्हा लक्षात आलं. उलटी केली. मागे 'स्वीट लोरीन' होतं, वेगवान, ब्रासने भरलेलं, योग्य वेगात. खोक्यातल्या दोनशेपैकी एकसष्ट कव्हरांवर मागच्या बाजूची खूण निघाली. त्या रात्रीपासून मी रोज एक उलटवायला लागलो, आणि दर रविवारी फोनवर मामांना त्या आठवड्याच्या सात सांगायचो. चौथ्या रविवारी ते म्हणाले, "ती निळ्या लेबलची लागली का रे? नाही? मग अजून खाली असेल, शोध."