एडीएचडीवरील पुस्तके: निवड आणि वाचन

एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवणे किंवा चंचलता व उतावळेपणा आवरणे कठीण करणारी अवस्था; तिच्याविषयीचे पुस्तक घेण्यापूर्वी आपली सध्याची गरज कोणती, हे ठरवावे. निदान नुकतेच झाले असल्यास ही अवस्था समजून घ्यायची असते. काही काळ लोटल्यावर रोजची कामे मार्गी लावण्याचा प्रश्न मोठा होतो. पालकांची आणि जोडीदाराची गरज आणखी वेगळी असते. या सर्वांना पुरेल असे एकच पुस्तक शोधू नये.

निदानानंतर सुरुवात करण्यासाठी एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी यांचे ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ मला सर्वांत योग्य वाटते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे दोन्ही लेखक मनोविकारतज्ज्ञ असून दोघांनाही स्वतःला एडीएचडी आहे. लहानपणापासून ‘आळशी’ आणि ‘बेजबाबदार’ हीच विशेषणे ऐकत आलेल्या माणसाला, आपली अडचण ही स्वभावातील खोट नाही, हे आधी मनापासून पटावे लागते, आणि ते लक्षणांच्या यादीपेक्षा या पुस्तकातील माणसांच्या हकिकतींमुळे अधिक लवकर पटते. त्याची २०११ ची सुधारित आवृत्ती घ्यावी.

आवृत्तीचे वर्ष एरवीही पाहावेच. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदान-नियमावलीच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत लक्षणे दिसू लागण्याची वयोमर्यादा ७ वरून १२ वर्षांवर नेली गेली, आणि १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी लक्षणांच्या एका गटातील (अवधानाचा अभाव किंवा अतिचंचलता व उतावळेपणा) सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली. त्याआधीच्या पुस्तकातील निकष स्वतःला लावून पाहणारा प्रौढ वाचक ‘म्हणजे मला हे नाहीच’ असा चुकीचा निष्कर्ष काढू शकतो. ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ची २०११ ची आवृत्तीही त्याआधीचीच असल्याने ते हकिकतींसाठी वाचावे, निकषांसाठी नव्हे.

रोजच्या कामांसाठी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांचे ‘टेकिंग चार्ज ऑफ अ‍ॅडल्ट एडीएचडी’ वाचावे. बार्कले यांच्या मांडणीनुसार एडीएचडी हा मुळात स्वनियमनाचा प्रश्न आहे: काय करावे हे माणसाला ठाऊक असते, परंतु ठाऊक असलेले योग्य क्षणी कृतीत उतरत नाही. ही मांडणी नीट समजली की उपायांची दिशाच बदलते, कारण मग अधिक माहिती गोळा करण्यात किंवा स्वतःला बजावत राहण्यात फारसा अर्थ उरत नाही आणि आठवण करून देणारी वस्तू काम जिथे करायचे तिथेच, डोळ्यांसमोर ठेवणे महत्त्वाचे ठरते. रोज सकाळी घ्यायची गोळी कपाटात ठेवण्याऐवजी दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवावी, ती याच कारणासाठी. मात्र घरात लहान मूल असल्यास ती जागा त्याच्या हाताला लागणार नाही अशी असावी.

पालकांसाठी बार्कले यांचेच ‘टेकिंग चार्ज ऑफ एडीएचडी’ आहे, तर नात्यातील ताणासाठी मेलिसा ऑर्लोव्ह यांचे ‘द एडीएचडी इफेक्ट ऑन मॅरेज’. स्त्रियांनी सारी सोल्डन यांचे स्त्रियांमधील एडीएचडीविषयीचे लेखन आवर्जून पाहावे, कारण मुलींमधील अवधानाची अडचण पुष्कळदा दंग्याच्या रूपात दिसत नाही आणि म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

डॉक्टर गाबोर माते यांचे ‘स्कॅटर्ड माइंड्स’ अनेकांना जवळचे वाटते, पण ते सावधपणे वाचावे. बालपणातील ताणावर त्यात मोठा भर आहे, तर जुळ्यांवरील अभ्यासांत एडीएचडीची आनुवंशिकता, म्हणजे माणसामाणसांतील फरकात जनुकांचा वाटा, सुमारे ७० ते ८० टक्के आढळते. ते वाचून एखाद्या आईने मुलाच्या अडचणीचा दोष स्वतःकडे घ्यावा, हे मला फार अन्यायाचे वाटते.

वाचनालाही सलग अवधान लागते, त्यामुळे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याचा आग्रह धरू नये. अनुक्रमणिका पाहून आज जी अडचण सर्वाधिक छळते आहे तेच प्रकरण उघडावे. बसून वाचणे जमत नसल्यास चालताना ऑडिओबुक ऐकावे. प्रकरण संपल्यावर त्यातील एकच उपाय निवडून काही आठवडे वापरून पाहावा आणि तोवर नवे पुस्तक आणू नये, कारण नव्या पुस्तकाचा उत्साह जुना उपाय सहज बाजूला सारतो. पुस्तकात औषधांविषयी काहीही वाचले तरी मात्रा स्वतःहून बदलू नये. तेवढ्या ओळींवर खूण करून पुढच्या भेटीत ते पान डॉक्टरांसमोर ठेवावे.