समांतर जनरेटर आणि नॉनलिनियर लोड: मॉडेल करताना या चुका टाळा

सिम्युलेशनमध्ये दोन्ही जनरेटर निम्मा-निम्मा भार वाटून घेतात, पण प्रत्यक्षात रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा नॉनलिनियर लोड) चालू होताच बसबारवरचे (सामाईक जोडपट्टीवरचे) व्होल्टेज विद्रूप होते. मग सगळे लोडचे मॉडेल तपासत बसतात. माझे मत असे, की आधी जनरेटरचे मॉडेल उघडावे.

जनरेटरला आदर्श व्होल्टेज सोर्स मानणे. मोठ्या ग्रिडपुढे हे खपून जाते, इथे नाही. वितरण ट्रान्सफॉर्मरचा रिअ‍ॅक्टन्स (एसी करंटला होणारा विरोध) साधारण 5-6 टक्के, तर जनरेटरचा सबट्रान्झिएंट (जलद बदलांना लागू होणारा) रिअ‍ॅक्टन्स बहुधा 12 ते 20 टक्के असतो. सहा-पल्स रेक्टिफायरचे 5, 7, 11, 13 वे हार्मोनिक करंट (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तितक्या पटींचे) तेच राहिले, तरी व्होल्टेजचा बिघाड दुप्पट-तिप्पट होतो. काहीजण दुसऱ्या टोकाला जाऊन सिंक्रोनस (स्थिर स्थितीतला) रिअ‍ॅक्टन्स टाकतात. त्याने बिघाड अवाच्या सवा दिसतो. हार्मोनिकसाठी रोटरसोबत फिरणाऱ्या डी आणि क्यू या दोन्ही अक्षांवरच्या सबट्रान्झिएंट रिअ‍ॅक्टन्सची सरासरी घ्या.

एकाच जुळणीवर (किती जनरेटर चालू, या एकाच स्थितीवर) अभ्यास संपवणे. सर्वात घातक चूक हीच. समजा, दोन समान जनरेटर चालू असताना फिल्टरच्या कपॅसिटरशी होणारा रेझोनन्स सातव्या हार्मोनिकच्या आसपास येतो. तो हलवण्यासाठी तुम्ही कपॅसिटर बदललात, तरी एक जनरेटर ट्रिप झाल्यावर काय होईल, हे पाहिलेत का? इंडक्टन्स दुप्पट होतो आणि रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी √2 ने भागली जाऊन खाली येते. मूळ जुळणीत ती 7 वरून थेट 4.95 वर, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या दारातच उतरते, आणि सहा-पल्स रेक्टिफायरचा सर्वात मोठा हार्मोनिक तोच असतो. म्हणून चालू जनरेटरच्या प्रत्येक संभाव्य संख्येसाठी इम्पिडन्स स्कॅन करा, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला यंत्रणेचा इम्पिडन्स किती ते तपासा. कमी भाराच्या वेळी कपॅसिटरमुळे लीडिंग पॉवर फॅक्टर येऊन व्होल्टेज चढते का, तेही त्याच फेरीत पाहा.

दोन्ही जनरेटर हुबेहूब सारखे धरणे. असे केले की जनरेटरांमध्येच फिरणारा वर्तुळाकार करंट मॉडेलमध्ये उमटतच नाही. वाइंडिंग पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधले अंतर) वेगळी असेल आणि न्यूट्रल जोडलेले असतील, तर भार नसतानाही तिसऱ्या हार्मोनिकचा करंट न्यूट्रलमधून फिरतो. ईएमएफ (जनरेटरमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज) शुद्ध साइन धरून झिरो सिक्वेन्स (तिन्ही फेजमध्ये एकसारखा असणारा घटक) वगळणारे डीक्यू मॉडेल तो कधीच दाखवणार नाही.

ड्रूपला (भार वाढेल तशी फ्रिक्वेन्सी किंवा व्होल्टेज थोडे उतरवून भार वाटणाऱ्या नियंत्रणाला) कच्चे सिग्नल देणे. पाचवा आणि सातवा हार्मोनिक डीक्यू अक्षांवर सहावा, म्हणजे 50 हर्ट्झ यंत्रणेत 300 हर्ट्झचा होऊन दिसतो. पॉवरचे मोजमाप फिल्टर न करता गव्हर्नर (वेग नियंत्रक) आणि एव्हीआरच्या (व्होल्टेज नियंत्रकाच्या) मॉडेलला दिले, तर ते या लहरींमागे धावतात आणि भारवाटप डोलते. हा डोल खरा समजून गेन कमी करू नका. आधी मोजमाप सुधारा.

टाइम स्टेपही त्यासोबत तपासा. कम्युटेशनच्या (रेक्टिफायरमध्ये करंट एका फेजवरून दुसऱ्या फेजवर जातानाच्या) व्होल्टेजमधल्या खाचा नीट पकडायला काही मायक्रोसेकंदांची पायरी लागते.

टीएचडी (एकूण हार्मोनिक विद्रूपता) मोजताना एफएफटीची (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणिताची) खिडकी 20 मिलिसेकंदांवर बांधून ठेवू नका. 4 टक्के ड्रूप आणि भार नसताना 50 हर्ट्झ असेल, तर पूर्ण भारावर फ्रिक्वेन्सी 48 हर्ट्झ होते. तेव्हा एक सायकल 20.83 मिलिसेकंदांची असते, आणि जुन्या खिडकीत नसलेले हार्मोनिक दिसू लागतात.